गाव बांधायचा सोमवार

जाफर जीपवाल्याच्या घरी दूध घालणारा गवळी आधी स्वतः एक घोट प्यायचा आणि मग माप ओतायचा. जाफरनं त्याला तसं कधी सांगितलं नव्हतं. पण त्याची नजरच अशी, की साधा सरळ माणूसही त्याच्यासमोर चोरी केल्यासारखा वागू लागे. नवा टायर आणला तर जाफर तो हुंगून बघे. पाहुणा लवकर उठला तर का उठला, आणि उशिरा उठला तर पडल्या पडल्या काय ऐकत होता, अशी त्याची कात्री दोन्हीकडून चाले. त्याची बायको रशिदा म्हणायची, "तुमी चांदालेबी सोडणार नाई. रोज कमी-जास्त काऊन होते, म्हणून त्यालेबी जबाब मागाल."

आता ताक फुंकून पिणाऱ्याला हसणं सोपं असतं. त्याचं तोंड कोणत्या दुधानं पोळलं, ते आधी विचारावं. मागच्या लोकसभेला जाफरनं एका अपक्ष उमेदवाराची गाडी हाकली होती. सगळा मोहल्ला त्यानं त्या माणसाच्या मागे उभा केला, आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी तो भला माणूस चंद्रपूरला जाऊन गुपचूप बसला. आमच्याकडे उमेदवारानं अर्ज मागे घेतला की तो 'बसला' म्हणतात. कित्येकांचा उभं राहणं हा धंदा असतो आणि बसणं हा नफा. तर बसणारा बसला, आणि त्याच्या नावानं ओरडलेले उघडे पडले. जाफरचा धाकटा भाऊ वाजिद, त्याची बसस्टँडसमोरची वेल्डिंगची टपरी महिन्याभरात उठली. कोणी उठवली ते सगळ्या राजुऱ्याला माहीत होतं आणि नाव कोणी घेत नव्हतं. वाजिदनं पुढची कितीतरी वर्षं बल्लारपूरला रोज ये-जा करून दुसऱ्याच्या दुकानात काम केलं, पण भावाला एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं जाफरला वाटे.

शहाण्णव साली पंचायत समितीचे सभापती गुणवंतराव लोकसभेला उभे राहिले. पक्षानं तिकीट दुसऱ्याला दिलं, म्हणून अपक्ष. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाऊंनी पहाडावरच्या गुड्यांत, म्हणजे आदिवासी वस्त्यांत, बोअरिंगा दिल्या होत्या, आणि मुख्य म्हणजे बोअरिंग बिघडली तर माणूस पाठवत होते, म्हणून त्यांच्या नावाला वजन होतं. आचारसंहिता लागली तशी सरकारी जीप जमा झाली, आणि राजुरा-गडचांदूर सवाऱ्या वाहणारी जाफरची काळीपिवळी भाऊंनी भाड्यानं घेतली. जाफरनं पहिल्याच दिवशी तोंडावर विचारलं, "भाऊ, बसणार तर नाई ना?"

भाऊ म्हणाले, "बसलो तर तुह्या जीपीतच बसीन."

एवढ्यावर हा जन्माचा शंकेखोर विरघळला. मशिदीसमोरच्या चहाच्या टपरीवर उभं राहून त्यानं सगळ्यांना सांगितलं, की हा माणूस बसणार नाही, ही माझी जबान. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या, म्हणजे विश्वास ठेवला नाही. वाजिदनं मात्र ठेवला. त्याची टपरी नुकतीच कुठे पुन्हा उभी राहिली होती, आणि हा वेडा दुसऱ्या दिवशी भाऊंच्या अर्जावर सूचक म्हणून सही करून आला. जाफरला ते कळलं तेव्हा त्याचा हात गिअरवरच राहिला. दिलेली जबान आता त्याच्या एकट्याची राहिली नव्हती.

तिथून पुढे त्याला घास गोड लागेना. भाऊ मागच्या सीटवर बसत आणि जाफर आरशातून त्यांच्यावर पहारा करी. पूर्वी बडबड करणारे भाऊ गप्प झाले होते. बल्लारपूरला दोनदा त्यांनी जीप पेपर मिलच्या भिंतीपाशी थांबवली, आणि पडदे लावलेल्या एका पांढऱ्या अॅम्बॅसडरमध्ये जाऊन बसले. दोन्ही वेळा जाफरला म्हणाले, तू चहा पिऊन ये. जाफर चहा प्यायला गेलाच नाही, भिंतीआड उभा राहिला, पण काच वर असल्यावर कोणाचं काय ऐकू येणार. गाडीचा नंबर ओळखीचा नव्हता. आत कोण होतं विचारलं तर भाऊ म्हणाले, "भिंतीलेबी कान असतात जाफर. वेळ आली का सांगीन." वेळ आली का सांगीन, हे वाक्य जाफरनं मागच्या उमेदवाराकडूनही ऐकलं होतं.

मग आला रविवार. अर्ज मागे घ्यायची मुदत सोमवारी दुपारी तीनला संपणार होती. संध्याकाळी भाऊ एसटीडी बूथमध्ये शिरले. बूथचं दार नीट लागत नव्हतं, आणि जाफर दारालाच टेकून बिडी ओढत होता. "उद्या. तीनच्या आत," भाऊ आतून म्हणत होते. "मी स्वतः येतो ना. कोनालेच नाई सांगत." बाहेर आल्यावर त्यांनी जाफरला सांगितलं, की उद्या दहाला चंद्रपूरला निघायचं आणि एक चांगला जाडजूड हार आजच घेऊन ठेवायचा.

हार. जाफरचं डोकं तिथंच भणभणलं. मुदतीच्या दिवशी चंद्रपूरला हार कशाला लागतो, हे शेंबडं पोरही सांगेल. पक्षाचे मोठे लोक येणार, भाऊ बसणार, आणि मग घरी परत आलेल्या लेकराच्या गळ्यात हार पडणार. त्यानं झेंडूचा हार घेतला, ओल्या फडक्यात गुंडाळला, मागच्या सीटवर ठेवला, आणि त्याच वेळी त्याच्या मनात मोहगुडा आला.

मोहगुडा म्हणजे गडचांदूरच्या पलीकडे, पहाडावरची कोलामांची वस्ती. तिथला नाईक, म्हणजे गावचा प्रमुख, इसरू. जाफर त्याच्याकडून मोहफुलं, डिंक खाली बाजाराला आणी, आणि जगात ज्याच्या मालाचं वजन तो पुन्हा करत नसे असा हा एकच माणूस. भाऊंचं पहाडावर काय होणार ते इसरूच्या एका शब्दावर होतं, कारण पहाडावरच्या बाकी गावांची पूजाही कोलामच करतात आणि ती गावं कोलामांचा शब्द मोडत नाहीत. इसरूनं आठवड्यापूर्वीच निरोप दिला होता, की भाऊंना मंगळवारी घेऊन ये. सोमवारी नको, सोमवारी आम्ही गाव बांधतो.

गाव बांधणं काय असतं ते जाफरला चांगलंच ठाऊक होतं. दर चैत्रात रोगराई गावात शिरू नये म्हणून कोलाम वेशीच्या चारी कोपऱ्यांना पूजा करतात, खुंट्या ठोकतात आणि रस्त्यावर पानं बांधलेली दोरी ताणतात. सूर्य उगवायच्या आत दोरी बांधली, की संध्याकाळी पुजारी सोडीपर्यंत गावातलं माणूस बाहेर जात नाही, बाहेरचं आत येत नाही. त्या दिवशी चूल नाही, जातं नाही, विहिरीत बादली नाही. दोन वर्षांमागे जाफर कांद्याचं पोतं टाकायला म्हणून पहाटे गेला आणि दिवसभर अडकला. तो संतापला होता, आणि त्यानं अर्थातच असा संशय घेतला होता, की कांद्याचा भाव पाडायला हे केलं.

त्यानं भाऊंना सांगितलं, की इसरूनं निरोप दिला आहे. उद्या पहाटेच या, गावाची पूजा आहे, तुमच्या हातचा नारळ पाहिजे. अर्ध्या घंट्याचं काम, दहाच्या आत खाली येऊ. भाऊ क्षणभर घुटमळले. मग म्हणाले, इसरूचा शब्द आहे तर गेलं पाहिजे.

घरी रशिदानं विचारलं, पहाटे कुठे चाललात. जाफरनं न राहवून तिला सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावरच ठेवली आणि त्याच्याकडे पाहिलं. "इतका शक असन तर त्याईलेच विचारा ना सरळ."

"विचारल्यानं खरं कोन सांगते?" जाफर म्हणाला.

"तुमी तरी काय खरं सांगून राह्यले त्याईले?" असं म्हणून तिनं पोळी उलटली. ती एका बाजूनं करपली होती.

सोमवारी अंधार फिटायच्या आत जीप घाट चढली. मोहाच्या फुलांचा वास काचा बंद असल्या तरी आत येत होता. इसरू वेशीवरच उभा होता, हातात दोरी, सोबत दोन म्हातारे. जीप पाहून त्याचा चेहरा पडला. "आज?" तो म्हणाला. "जाफरभाऊ, मी तर..."

"आजच पहाटी बोलावलं होतं ना तू," जाफर मध्येच म्हणाला, आणि जीपमधून उतरून त्यानं इसरूचा हात धरला, जरा जास्तच घट्ट. इसरूनं त्या हाताकडे पाहिलं, मग जाफरच्या तोंडाकडे. चारचौघांत कोणाला खोटं पाडणं त्याच्या स्वभावात नव्हतं. तो बाजूला झाला. जीप आत गेली, आणि तिच्या मागे दोरी बांधली गेली.

नारळ फुटला. भाऊ सगळ्यांना हात जोडून निघाले आणि वेशीपाशी येऊन थांबले. गाव बांधलं म्हणजे काय हे सभापती म्हणून त्यांनी कानानं ऐकलं होतं, अंगावर कधी घेतलं नव्हतं. त्यांनी इसरूला बाजूला घेऊन सांगितलं, की फार मोठं काम आहे, तीनच्या आत चंद्रपूर गाठायचं आहे. इसरू खाली मान घालून ऐकत होता. बाकीची माणसंही जमली होती. बाया लेकरं कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"भाऊ, तुमाले कोनी धरत नाई," इसरू म्हणाला. "दोरी तोडा अन् जा. पन वरीसभर गावात कोनाचं लेकरू तापलं, तर त्याच्या मायच्या तोंडी तुमचंच नाव राहीन. मंग मी तिले गप करू शकत नाई."

ती हातभर उंचीवरची दोरी. सागाची पानं बांधलेली, इतकी कच्ची की वासरूही तोडून गेलं असतं. भाऊ तिच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. एका बाईच्या कडेवरचं पोर त्यांच्याकडे पाहून हसलं. मग ते मागे फिरले आणि चावडीच्या सावलीत येऊन बसले.

जाफर जीपच्या बॉनेटला टेकून हे सगळं पाहत होता आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत होता. भाऊ घड्याळ पाहत होते, उठत होते, येरझाऱ्या घालत होते, कपाळ पुसत होते. बघा, जाफर स्वतःला म्हणाला, बसायला मिळालं नाही तर माणूस कसा तडफडतो. प्रामाणिक माणूस असता तर झाडाखाली ताणून झोपला असता. संशयाचं असंच असतं. समोरचा घामाघूम झाला तरी पुरावा, आणि झोपला असता तरी पुरावाच.

दुपारी भाऊ आणि इसरू मोहाच्या झाडाखाली बसले. बराच वेळ बसले. भाऊ बोलत होते, मग इसरू बोलला. एकदा भाऊंनी मान वळवून जीपकडे पाहिलं. जाफरनं चटकन बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. ते काय बोलले असतील, हे त्याला ऐकू आलं नाही, आणि त्या वेळी त्याला त्याची फिकीरही वाटली नाही. तीन वाजून गेले होते. भाऊंनी मनगटावरचं घड्याळ काढलं आणि खिशात टाकलं.

जाफरचा जीव भांड्यात पडला. वाजिदची टपरी वाचली, जबान वाचली, मोहल्ल्यात मान वर करून जाता येणार. त्याला भाऊंबद्दल एकदम मायासुद्धा वाटली. वाट चुकलेल्या माणसाला आपण खांद्याला धरून रस्त्यावर आणलं, असं काहीतरी.

दिवस कलला तसा पुजारी आला आणि दोरी सुटली. चुली पेटल्या. इसरूच्या बायकोनं, रुखमानं, आग्रहानं दोघांना जेवू घातलं. भाऊंनी मुकाट्यानं चार घास खाल्ले. घाट उतरताना जाफर आज प्रथमच आरशात न पाहता गाडी हाकत होता.

राजुऱ्याला भाऊंच्या दारात वाजिद उभा होता. तो सूचक म्हणून सकाळपासून चंद्रपूरला होता आणि नुकताच परतला होता. त्याचं तोंड काळवंडलं होतं. जीप थांबायच्या आत तो खिडकीशी आला. "भाऊ, कुठी होते तुमी? मुखरूजी कलेक्टर ऑफिसच्या फाटकाशी तीनपर्यंत उभे होते. तुमची वाट पाहून पाहून गेले."

मुखरूजी म्हणजे आलापल्लीकडचे दुसरे अपक्ष. अहेरीपासून सिरोंच्यापर्यंत त्यांची मतं, आणि ती सगळी भाऊंच्याच ताटातली. भाऊ दारातल्या बाजेवर टेकले आणि हळूहळू बोलू लागले. मुखरूजी त्यांच्यासाठी बसायला तयार झाले होते. महिनाभर त्यासाठी खटपट चालली होती, ती पांढरी अॅम्बॅसडर त्यांचीच. पक्षाच्या कानावर गेलं असतं तर त्यांना रातोरात उचलून कुठे ठेवलं असतं याचा नेम नव्हता, म्हणून कोणालाच सांगितलं नाही. मुखरूजी मानी माणूस. त्यांची एकच अट होती. भाऊंनी स्वतः यावं, फाटकापाशी सगळ्यांच्या देखत त्यांच्या गळ्यात हार घालावा, हाताला धरून आत न्यावं. मग ते सही करतील. चोरासारखा मागच्या दारानं बसणार नाही, असं ते म्हणाले होते.

"आता?" वाजिदनं विचारलं.

"आता ते उभे अन् मीबी उभा," भाऊ म्हणाले.

जाफर जीपशीच उभा होता. मागच्या सीटवर फडक्यातला हार दिवसभराच्या उन्हानं शिजून गेला होता. त्यानं तो बाहेर काढला, पण कुठे ठेवावा ते सुचेना. तो तसाच हातात धरून उभा राहिला, तेव्हा वाजिदनं येऊन त्याच्या हातातून घेतला आणि गाईपुढे टाकला.

निकाल लागला. मुखरूजींना जेवढी मतं पडली, त्याच्या निम्म्याहूनही कमी मतांनी भाऊ पडले. मोहगुड्यानं आणि पहाडावरच्या सगळ्या गुड्यांनी आपला शब्द पाळला होता. महिन्याभरात वाजिदची टपरी पुन्हा उठली. वाजिद पुन्हा पहाटेच्या गाडीनं बल्लारपूरला जाऊ लागला आणि या वेळीही भावाला एका शब्दानं बोलला नाही. कारण त्याला काही माहीतच नव्हतं. माहीत होतं फक्त रशिदाला, आणि ती आता जाफरला चंद्रावरून चिडवत नसे. नुसतं ताट वाढून ठेवी.

पडल्यावर भाऊ गावोगाव हात जोडायला निघाले. गाडी जाफरचीच. जाफरनं आजारपणाचं निमित्त सांगून पाहिलं, पण भाऊ म्हणाले, तू बरा झाला का जाऊ. शेवटी पहाडाची पाळी आली. घाट चढताना भाऊ मागून म्हणाले, "एक गोष्ट सांगू का तुले? त्या दिसांत सगळ्याईनं माह्यावर शक घेतला. माह्या सख्ख्या भावानंबी. गुणवंता बसते म्हणे. एक तूच होता, ज्यानं घेतला नाई."

जाफरनं आरशात पाहिलं. आरशात भाऊंचा चेहरा होता, उन्हानं रापलेला, थकलेला, डोळे रस्त्यावर. त्या चेहऱ्यावर माया होती. की टोमणा होता. जाफर पाहत राहिला आणि जीप खड्ड्यात आदळली.

मोहाच्या झाडाखाली इसरू काय बोलला होता? मंगळवारी बोलावलं होतं, हे त्यानं सांगितलं असेल का? सांगितलं असेल, तर हा माणूस सगळं जाणून महिनाभर आपल्या मागे बसतो आहे. सांगितलं नसेल, तर तो खरोखरच आपल्याला एकटाच विश्वासाचा समजतो, आणि ते तर त्याहून वाईट. जाफरनं जन्मभर गवळ्याला, टायरवाल्याला, पाहुण्याला, उमेदवाराला विचारलं होतं. हे एक विचारायला त्याला तोंड नव्हतं, कारण विचारणं म्हणजेच सांगणं होतं. त्याला ओरडून रडावंसं वाटत होतं. त्यानं गिअर बदलला.

मोहगुड्याच्या वेशीवर इसरू उभा होता. रस्त्यावर दोरी नव्हती, नुसत्या दोन खुंट्या होत्या, त्याही कलत आलेल्या. भाऊ उतरले. दोघांनी एकमेकांचे हात हातात घेतले, हळू आवाजात काहीतरी बोलले, आणि मग दोघांनीही वळून जीपकडे पाहिलं.

जाफर स्टिअरिंग धरून बसून राहिला. इसरूनं तिथूनच हाक दिली.

"ये ना जाफरभाऊ. आज गाव खुल्लं हाय."